अक्कांच्या वेणीतला धूर

पिंप्राळ्यातल्या त्या वसाहतीत पत्ता सांगायची सोपी रीत होती. "वेणीवाल्या अक्कांच्या घरापासून डावीकडे वळा." रिक्षावाला असो, गॅसवाला असो की कुणाचा पाहुणा, पुढे काही विचारावं लागत नसे. अक्कांचं खरं नाव मंजुळाबाई. माहेर एरंडोलकडचं, आणि संसार सगळा पिंप्राळ्यात, कारण नवरा अभिमन जळगावच्या एका डाळमिलमध्ये मुकादम होता. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, जिभेने तिखट, आणि पाठीवर कमरेच्या खाली लोंबणारी, मनगटाएवढी जाड, काळीभोर वेणी. वसाहतीतल्या तरुण सुना ती वेणी पाहायच्या, मग आपल्या कंगव्यात अडकलेला पुंजका पाहायच्या आणि उसासा टाकायच्या.

त्या वेणीवर अक्कांचं राज्य चाले. उन्हाळा लागला की त्या अंगणात लोखंडी कढई चढवायच्या, तिच्यात माका, जास्वंद, कढीपत्ता आणि आणखी काहीतरी टाकायच्या, आणि ते 'आणखी काहीतरी' कुणाला सांगायच्या नाहीत. तेल तयार झालं की बाया बाटल्या घेऊन रांगेत. कुणाच्या घरी लग्न असलं तर नवरीची पहिली वेणी अक्कांच्याच हातची, म्हणजे तिचेही केस तसेच होतील. समोरची बेबाबाई तर म्हणायची की अक्कांचा हात दगडावर फिरला तर दगडालाही केस येतील. अक्का यावर "चाल, कायबी बोलस!" म्हणायच्या आणि पदर नीट करायच्या निमित्ताने वेणी पुढे घ्यायच्या.

आता आतली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. ती वेणी खोटी होती. म्हणजे पुरती खोटी नव्हे. मुलगी दिपमाला लहान असताना अक्कांना विषमज्वर झाला आणि केस मूठमूठ गेले. उरले ते इतके की त्यांचा अंबाडा लिंबाएवढासुद्धा होईना. पण अक्कांच्या आईची शिकवण होती की विंचरलेले केस रस्त्यावर टाकू नयेत, कुणाच्या हाती लागतात. म्हणून लग्न झाल्यापासूनचं सगळं गुंतवळ अक्कांनी एका कापडी पिशवीत कोंबून ठेवलं होतं. ती पिशवी त्यांनी बाजारातल्या एका गंगावन करणाऱ्या बाईकडे नेली, आणि तिने त्यातून हे गंगावन बांधून दिलं. दुसऱ्या कुणाचा एक केस त्यात नाही. अक्कांचं म्हणणं साधं होतं. केस माझे, डोकं माझं, यात खोटं काय? जरा उशिरा वापरतेय एवढंच. रात्री त्या गंगावन काढून फडक्यात गुंडाळायच्या आणि कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला अडकवायच्या, आणि नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. एका खोलीच्या संसारात अशा समजुती कशा टिकतात ते बायकाच जाणोत.

नवरा म्हणजे अभिमन आबा. आबांची दोनच दैवतं, एक भरघोस मिशी आणि दुसरी बिडी. डोक्यावर मात्र काही नाही. मांडे करायला पालथं घातलेलं खापर असतं ना, तसं गुळगुळीत. सकाळी डोळा उघडायच्या आधी हात बिडीकडे जायचा. खोलीत धूर इतका की कॅलेंडरवरचा गणपती पिवळा पडला होता. अक्का खोकत, शिव्या घालत, खिडकी उघडत. आबांनी बिडी सोडल्याचं वर्षातून एकदा तरी जाहीर व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी संडासाच्या मागून धूर निघायचा.

मग मागच्या आखाजीला ते घडलं. आखाजी म्हणजे खानदेशात लेकीबाळींचा सण. दिपमाला धुळ्याहून आपल्या लहानग्या नवलला घेऊन माहेरी आली होती. नवलची छाती जन्मापासून नाजूक. दुपारी आमरस-पुरणपोळी झाली, आबांनी खाटेवर बसून सवयीने बिडी पेटवली, आणि थोड्या वेळात पोराला असा दमा लागला की रिक्षात घालून दवाखाना गाठावा लागला. डॉक्टरांनी वाफ दिली, पोर सावरलं, पण दिपमाला सावरली नाही. दुसऱ्या सकाळी पिशवी भरून ती उंबऱ्यात उभी राहिली.

"या घरमा बिडी शे तोवर मी मना पोऱ्याले आठे आणणार नही," ती म्हणाली.

"सोडी दिधी!" आबा म्हणाले. "आजपासून सोडी दिधी."

"आबा, मी धाकली व्हतू तवपासून हाईच आयकी ऱ्हायनू," असं म्हणून ती गेली.

आणि काय सांगावं, या वेळी आबांनी खरंच सोडली. बंडल आणि काडेपेटी दोन्ही गटारीत. पहिले काही दिवस माणूस असा वागला की शेजारची कुत्रीही त्यांच्या दारावरून जाईनात. भाजीत मीठ जास्त, पंखा हळू, सूर्य चुकीच्या बाजूने उगवतो, या सगळ्याला समोर येईल तो जबाबदार. मग बडीशेप सुरू झाली. आबा बडीशेप खात नसत, चरत असत. सदऱ्याच्या खिशात बडीशेप, उशीखाली बडीशेप, आणि खाटेखाली मुंग्यांची आखाजी. पण बिडी नाही ती नाहीच. दिवाळीला आबांनी धुळ्याला फोन करून हे सांगितलं. लेक "बरं" म्हणाली आणि आली नाही. तिचाही दोष नव्हता. लांडगा आला रे आला म्हणून जो जन्मभर ओरडला, त्याचं कोण ऐकणार? नातू फोनवर दिसायचा, हात हलवायचा आणि आबा तोंडातली बडीशेप चावायची विसरायचे.

अशात वसाहतीत मिसबाह आली. ही एका कॉलेजात संशोधन करणारी जळगावचीच तरणी पोरगी, स्कूटीवर फिरणारी, बोलायला गोड. तिचं काम ऐकून लोक आधी हसले. ज्या घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं, त्या घरातल्या न ओढणाऱ्या बायका-पोरांच्या अंगात किती धूर जातो, हे ती केसांवरून मोजत होती. तिने मारुतीच्या पारावर बायकांना बसवून समजावलं. "रक्तात पाहिलं तर दोन-चार दिवसांचंच कळतं. पण केस हळूहळू वाढतो. श्वासातून गेलेला धूर रक्तातून केसाच्या मुळाशी जातो आणि केसात अडकून बसतो. महिन्याला केस साधारण बोटाच्या नखाएवढा वाढतो. म्हणून मुळाजवळची बट तपासली की गेल्या काही महिन्यांत त्या घरात किती धूर होता ते कळतं."

बेबाबाई म्हणाली, "म्हणजे नवरा खोटं बोलला तरी बायकोचे केस खरं बोलणार?"

"तसंच समजा, मावशी."

हे ऐकून आबा मागच्या रांगेतून ताडकन उठले. त्यांना साक्षात देव भेटल्यासारखं झालं. आपला शब्द लेक मानत नाही, पण यंत्राचा मानेल! त्यांनी तिथल्या तिथे आपलं घर नोंदवलं. मिसबाहने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग हसू दाबून म्हणाली, "आजींचे चालतील."

"चालतील काय, पळतील!" आबा म्हणाले. "सगळ्या वसाहतमा असा केस नही शेत!"

अक्कांनी पुढे घेतलेली वेणी हळूच मागे टाकली.

दुसऱ्या दिवशी मिसबाह कात्री, दोरा आणि चंदेरी कागद घेऊन दारात. डोक्याच्या मागच्या बाजूने, अगदी मुळाशी, पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक बट कापायची होती. पण मागच्या बाजूने मुळाशी हात घातला की पहिलं काय हाती लागलं असतं? गंगावनाची गाठ. दारात बेबाबाई विरजण मागायच्या मिषाने उभी, तिच्यामागे आणखी दोघी. अक्कांनी पदर घट्ट ओढला.

"मना डोकाले परका हात लागाले नको," त्या म्हणाल्या. "मना केस मीच कापसू. दे ते इकडे."

मिसबाह घुटमळली. नियम होता की बट स्वतः कापायची. पण समोर आजीच्या वयाची बाई, चेहऱ्यावर एवढा निर्धार, आणि चहा ठेवलेला. पोरगी नवीन होती. "बरं आजी, पण अगदी मुळापासून हं. मुळाकडच्या टोकाला दोरा बांधा."

अक्का पडद्याआड गेल्या. डोक्यावर जे थोडे होते त्यातले कापायचे म्हणजे टक्कल उघडं पाडायचं. आणि गंगावनात तर केसच केस. ते तरी कुणाचे? आपलेच ना! अक्कांनी मनाशी न्याय केला, गंगावनाच्या आतल्या बाजूने एक बट कापली, दोरा बांधला आणि बाहेर येऊन पुरणपोळी वाढावी तशी मिसबाहच्या हातावर ठेवली. त्यांच्या मनात पाप नव्हतं. घरात बिडी नाही, तर केसात धूर कुठून येणार, एवढा त्यांचा साधा हिशोब होता.

निकालाचा दिवस उगवला तेव्हा आखाजी तोंडावर आली होती. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला, मिशीला तेल लावून पीळ दिला आणि मिसबाह यायच्या आधीच धुळ्याला व्हिडिओ फोन लावून ठेवला. फोन त्यांनी साखरेच्या डब्याला टेकवून असा उभा केला की लेकीला सगळं दिसावं. "आते मशीनच सांगी," ते म्हणाले. फोनमध्ये दिपमाला, तिच्या मांडीवर नवल.

मिसबाहने कागद उघडला आणि तिचा चेहरा पडला. "आजोबा, हे फोनवर नको सांगू या. आधी तुम्हा दोघांनाच..."

"नही! सांग, पोरी. बठ्ठासमोर सांग."

"तुमच्या घरातलं प्रमाण..." ती हळूच म्हणाली, "मी तपासलेल्या सगळ्या घरांत सगळ्यात जास्त आलंय. खूपच जास्त." मग आणखी हळू, "आजी, रागावू नका, पण विचारावं लागतं. तुम्ही मिश्री लावता का? की स्वतःच बिडी...?"

दारात विरजण मागायला आलेल्या बेबाबाईच्या हातातली वाटी खाली पडली. एरवी अक्कांनी असं विचारणाऱ्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. आज त्यांनी फक्त मान हलवली. आबा फोनकडे वळले. "दिपा, वरीस व्हयनं, मी बिडीले हात लायेल नही. तुनी आण..."

"मना पोऱ्यानी आण नका घेऊ म्हणजे झालं," दिपमाला म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. तो ऐकवत नव्हता. फोनचा पडदा काळा झाला.

त्या क्षणी अक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिसबाहचं पारावरचं बोलणं आठवलं. ज्या काळात केस वाढला, त्या काळातला धूर त्यात. आणि गंगावनातले केस कुठल्या काळातले? आबा रोज बंडल-बंडल फुंकत होते त्या काळातले! वर ते गंगावन पुढेही वर्षानुवर्षं आबांच्या खाटेच्या डोक्याशी खिळ्याला लटकून धूर खात राहिलेलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, ते फक्त जुनं बोललं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते अक्कांनी नवऱ्याच्या बाबतीत अक्षरशः केलं होतं.

सांगून टाकायचं, दुसरं काय! पण जीभ उचलेना. वेणीवाल्या अक्का! तेलाची रांग! नवरीमुलींच्या वेण्या! आणि ती बेबाबाई, जिच्या पोटात पाणी ठरलं तरी गोष्ट ठरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या सांगू, असं म्हणत अक्का दोन-चार दिवस तोंडात मूग गिळून हिंडल्या. स्वयंपाकात मीठ विसरल्या. आबांनी तेही मुकाट्याने खाल्लं, आणि ते पाहून अक्कांना रडूच फुटलं. भांडायचा माणूस भांडेनासा झाला की घर खायला उठतं. बाहेर आबांना चिडवायला माणसं टपलेलीच होती. "काय आबा, बडीशेपचा धूर भारी निघतो म्हणे!" आबा मान खाली घालून पुढे जायचे. मिशीचा पीळ उतरला होता.

रविवारी सकाळी अक्का आतून पाहतात तर ओट्यावर खुर्ची, खुर्चीत आबा, गळ्याला टॉवेल, आणि समोर मगन न्हावी वस्तऱ्याला धार लावतोय. गल्ली गोळा झालेली.

"हाई काय चालनं?" अक्कांनी विचारलं.

"मिशी दी ऱ्हायनू," आबा म्हणाले. "डोकाले केस नही, पण मिशी तर मनी शे. तपासू देत. मुळापासून पायजे, म्हणून वस्तरा. त्या पोरीले मी फोन करेल शे."

तेवढ्यात मिसबाहची स्कूटी आली. हेल्मेट न काढताच ती ओरडत पळत सुटली, "आजोबा, थांबा! मी फक्त सरांना विचारते म्हणाले होते! मिशीचं आमच्या पद्धतीत बसत नाही!" पण हेल्मेटमधून ते कुणाला नीट ऐकू येईना. मगन अनुभवी माणूस. त्याने वस्तरा टेकवण्याआधी एकदा विचारलं, "आबा, लोक म्हणतील बाप गेला की भाऊ गेला?" आबांनी डोळे मिटले. "चालू दे," ते म्हणाले. "नातू ऊना तर बठ्ठं परत ऊनं."

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. ज्या मिशीसाठी या माणसाने त्यांच्याशी लग्नाच्या मांडवात भांडण केलं होतं, की हळद मिशीला लावायची नाही, ती डावीकडून सरसर खाली येत होती. अर्धी गेली. तशा अक्का चौकट सोडून पुढे धावल्या.

"थांब रे मगन! थांब!" त्यांनी अशी आरोळी ठोकली की मगनचा वस्तरा हवेतच राहिला. "त्यासनी बिडी ओढेल नही! चोर हाई शे, देखा! हाई शे चोर!" असं म्हणत त्यांनी पदर मागे टाकला, दोन्ही हात डोक्यामागे नेले, गाठ सोडली आणि ती मनगटाएवढी काळीभोर वेणी सर्वांसमोर हवेत उंच धरली.

"साप! साप!" बेबाबाई किंचाळली आणि मगनच्या पेटीवर पडली. साबणाचं पाणी उडालं, एक पोर रडायला लागलं, कुणीतरी काठी आणायला धावलं. काठी घेऊन आलेल्याला साप कुठे ते दिसेना, कारण साप अक्कांच्या हातात होता आणि अक्का भाषण करत होत्या. विषमज्वर, गुंतवळ, पिशवी, पडद्याआडची कात्री, सगळं सगळं एका दमात. "त्या पोरीले मी याना केस दिधा! याले ह्यासना जुना धूर लागेल शे! मी मूर्ख शे, मशीन नही!"

मिसबाहने एकदाचं हेल्मेट काढलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आजी! म्हणजे मी इतक्या वर्षांपूर्वीचा धूर मोजला?" आणि ती हसायला लागली. हसता हसता ओट्यावर बसली. चूक माझीच, बट मी कापायला हवी होती, असं म्हणायला ती तोंड उघडायची आणि परत हसू फुटायचं. मग मगन हसला, काठीवाला हसला. बेबाबाई साबणाच्या पाण्यात बसल्या बसल्या म्हणाली, "अक्का, म्हणजे ते तेल...?" आणि तेव्हा तर अक्काही हसल्या. किती वर्षांनी डोक्याला वारा लागत होता! असं हलकं वाटतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

मिसबाहने तिथेच, सगळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने अक्कांच्या खऱ्या केसांतून बट कापली. उंदराच्या शेपटीएवढ्या ऐवजातून बट काढणं हेही कसबाचंच काम. मगनने आबांना आरसा दाखवून विचारलं की आता या उरलेल्या अर्धीचं काय करू.

"कापी टाक. एक बाजूनी ठेवू का?"

गर्दी पांगल्यावर अक्का त्यांच्याशेजारी बसल्या. मिशीविना आबा अगदी निराळे दिसत होते, वरचा ओठ गोरापान, जन्मात ऊन न पाहिलेला. "माले माफ करा," अक्का म्हणाल्या. "तुमले किती वरीस फसाडं."

"कसानं फसाडं?" आबा म्हणाले. "माले डोया शेत ना. कॅलेंडरमांगे काय टांगस तू, माले माहीत नही का?"

अक्का त्यांच्याकडे वळल्या. "मंग... मी त्या पोरीले कोणता केस दिधा, तेबी?"

"मशीन बोलनी तवच समजनू."

"मंग बोलनात का नही!"

आबांनी खिशातून बडीशेप काढली, अर्धी अक्कांच्या हातावर ठेवली. "बोलतू तर तुनी वेणी जाती," ते म्हणाले. "मिशीनं काय, परत उगी."

बडीशेप चावत अक्का पदराने डोळे पुसत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हा माणूस इतका आवडला नव्हता, आणि हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. आबा असे लाजले की टकलापर्यंत लाल झाले.

मग धुळ्याला फोन. पडद्यावर बापाचा सफाचट चेहरा पाहून दिपमाला किंचाळलीच. "आबा! कोण गया?"

"कोनी नही. बिडी गई," आबा म्हणाले.

अक्कांनी फोन ओढून घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग दिपमाला म्हणाली, "आई, तू गंगावन काढं? बेबामावशीसमोर?"

"बठ्ठी गल्लीसमोर."

दिपमालाला आपली आई ठाऊक होती. ही बाई एकवेळ जीव देईल, पण बेबाबाईसमोर गंगावन काढणार नाही. ते जर तिने काढलं, तर आबांची बिडी सुटली हे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं खरं. "येस मी आखाजीले," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना की रडू, ते फोनवर कळलं नाही. अक्कांच्या खऱ्या केसांचा निकाल पुढे वरातीमागून घोडं यावं तसा आला. या खेपेला आकडा इतका खाली होता की मिसबाहने पुन्हा तपासून पाहिला. पण तो ऐकायला घरात कुणाला सवड नव्हती, कारण आखाजी होती आणि घरात नातू होता.

नवल, त्याची आई आणि बाप प्रेमराज धुळ्याच्या गाडीने आले. अक्कांनी डोक्यावरच्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा बांधून त्यात मोगरा माळला होता, आणि बेबाबाई त्याला दिवसभर "शोभतो हं" म्हणत होती. तेलाची रांगही मोडली नव्हती, उलट बाया आता गंगावन बांधायची खुबी विचारायला येत होत्या. नवल आजीच्या गळ्यात पडला. मग त्याला आबांसमोर उभं केलं. आबा हात पसरून उकिडवे बसलेले, वर्षभर ज्या घडीची वाट पाहिली ती घडी समोर, आणि खिशातली बडीशेप जमिनीवर सांडतेय.

नवलने त्यांना खालून वर पाहिलं. जवळ गेला. सदऱ्याला नाक लावून हुंगलं. परत हुंगलं. आणि आईकडे वळून ठामपणे म्हणाला, "हे आबा नाहीत."

"अरे, आबाच आहेत," दिपमाला म्हणाली.

"नाहीत. आबांचा वास येत नाही."

आणि तो आबांना शोधायला निघाला. खाटेखाली पाहिलं, दाराआड पाहिलं, मागच्या अंगणात जाऊन संडासाच्या मागेही पाहून आला. दिपमाला आबांसमोर खाली बसली आणि तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. "चुकनं मनं, आबा," ती म्हणाली. आबा एकाच वेळी हसत होते आणि रडत होते, आणि तिच्या पाठीवर थोपटत होते.

तेवढ्यात नवल परत आला. आबा कुठेच सापडले नव्हते. बाहेर गल्लीतल्या निंबाला आखाजीचा झोका बांधलेला होता आणि त्यावर पोरांची झुंबड होती. नवलने समोरच्या त्या बिनमिशीच्या, बिनवासाच्या म्हाताऱ्याकडे जरा वेळ पाहिलं, विचार केला, आणि त्यांचं बोट धरलं.

"आबा येईपर्यंत तुम्ही मला झोका द्याल?"

"देसू," अभिमन आबा म्हणाले. आणि खरे आबा येईपर्यंत ते नातवाला झोका देत राहिले.